चूल एकच, बाई

मला त्या नकाशाची किळस येते. शहराचा नवा विकास आराखडा म्हणे! साठ फुटी रस्ता नेलाय तो सरळ आमच्याच गल्लीतून. पुढे बंगले लागले की तोच रस्ता कसा अदबीने वळसा घेतो, ते बघा एकदा.

आमची माणसं या शहरात मूठभर. दुसरीकडे घर बघायला गेलो की दलाल आधी आडनाव विचारतो, आणि मग घर ‘कालच गेलेलं’ असतं. म्हणून वडिलांनी याच गल्लीत जागा घेतली आणि माझ्या थोरल्या भावाने, दादाने, तिच्यावर स्वतःच्या हाताने तीन खोल्या उभ्या केल्या. दादा गवंडी. कामावर त्याला ‘ओळंबा’ म्हणतात. त्याची भिंत वाकडी जात नाही आणि जीभही.

रस्त्यात जाणारी घरं मोजायला पालिकेची बाई आली. “चुली किती?” तिने विचारलं. आता आमच्यात भावांनी वेगळी चूल मांडली की घराण्याचं नाक कापलं जातं. दादा छाती फुगवून म्हणाला, “तीन भाऊ, तीन संसार, पण चूल एकच, बाई!” आईने कौतुकाने मान डोलावली. बाईने लिहून घेतलं आणि गेली.

एक चूल म्हणजे एक कुटुंब, आणि एका कुटुंबाला बदली एक खोली, हा नियम आम्हाला यादी लागल्यावर कळला. अकरा माणसं आणि एक खोली! गल्लीच्या बंगल्यांकडच्या टोकाला राहणाऱ्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी जिन्याखालीसुद्धा शेगडी मांडली. आम्हाला कोण सांगणार? आमचा कोण बसलाय पालिकेत?

दादाने कामं बुडवून कचेरीत खेटे घातले. शेवटी एका कारकुनाने कानमंत्र दिला, “दोन वर्षांपूर्वीच भांडून वेगळे झालो, असं लिहून द्या. सगळेच देतात.” दादाने लिहून दिलं. सही करताना त्याचं तोंड कडू झालं होतं. त्याच्याखाली आम्ही दोघा धाकट्यांनीही सह्या ठोकल्या.

सुनावणीला आईलाही नेलं, म्हातारीकडे बघून साहेबाला दया येईल म्हणून. कसली दया न् कसलं काय! साहेबाने कागद मोठ्याने वाचला, “भावाभावांचं पटत नाही. आम्ही एकमेकांचं तोंडही बघत नाही.” मग कागद बाजूला सारून म्हणाला, “हरकतींची मुदत गेल्या महिन्यातच संपली. पुढचे कोण?”

अरे मेल्या, मग वाचलास कशाला?

बाहेर दादा एकटाच पुढे चालत गेला. आईने माझी बाही ओढली.

“कधीपासून चाललंय रे तुमचं हे?”

“अगं, खोटं आहे ते सगळं. घरासाठी लिहिलं.”

आईने माझी बाही सोडली. म्हणाली, “तू काहीही सांगशील. माझा थोरला खोटं लिहायचा नाही.”