नखं बघणारी मावशी

वसईतल्या पाचूबंदरच्या नखवाल्या मावशीवर अन्याय झाला. कधी, तेही सांगते: गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, सकाळी आठ वाजता, धक्क्यावर मासळीचा लिलाव ऐन रंगात असताना. कोणी केला? आम्ही आंदोलनवाले नेहमी सरकारकडे बोट दाखवतो, या वेळी नाही. मी केला.

मावशी अंगणवाडीतली निवृत्त मदतनीस. वाटेत मूल दिसलं की आधी त्याचा हात धरायची. "नखं दाव." पोरांना वाटायचं, मळ बघते, पोरं हात पाठीमागे न्यायची. मावशी बोटं उन्हात धरून रंग बघायची. गुलाबी दिसला की गालाचा चिमटा काढायची, "जा, ताजा बांगडा हायस." आया हसायच्या. त्यांना म्हणायची, "मासळी घेताना कल्ला उचकटून बघता ना? मग पोराचं नख बघायला हात दुखतात काय गो?"

तिचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. ओठ निळे पडायचे, चार पावलं पळून उकिडवा बसायचा. घरच्यांनी दृष्ट काढली, नवस बोलले. हृदयात जन्मापासून दोष असू शकतो आणि तो दुरुस्त होतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मावशीला ते अंगणवाडीत आलेल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं, भाऊ गेल्यावर पुष्कळ वर्षांनी. तेव्हापासून ती नखं बघू लागली.

निळसर नख सापडलं की मात्र मावशीचा आवाज बसायचा. सुकत घातलेल्या बोंबलांच्या आडोशाला आईला न्यायची आणि कानात सांगायची. आई, डॉक्टर आणि ती. चौथ्या माणसाला पत्ता नसायचा. मुंबईच्या इस्पितळात ती सोबत जायची. शेजारी विचारायचे, कुठे निघालात? "लग्नाचं कापड बघायला," असं ती साळसूदपणे सांगायची.

चौथी मीच झाले. वसईत मुलांच्या हृदयावर उपचाराची सोय हवी म्हणून आम्ही आंदोलन करत होतो. मागणी बरोबर होती, आजही बरोबर आहे. मी मावशीच्या मागे लागले, एक तरी घर दाखव. दहा वेळा नाही म्हणाली. मग एकदा नेलं. "बघ, पन तोंड शिवून ठेव, पत्रकवाले." घरात पाच वर्षांची मुलगी होती. जिना चढली आणि वर पोचल्यावर उकिडवी बसली, मावशीच्या भावासारखी. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. मी तिच्याशी खेळले, आणि खेळता खेळता फोटो काढला.

पत्रकाचं शीर्षक होतं, 'पाचूबंदरची निळी मुलगी'. खाली फोटो, नाव, आळी. तिचं नाव इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेच पुरे. धक्क्यावर मी स्वतः पत्रकं वाटली. तासाभरात त्यात कोळंबी बांधली जात होती. पोरीच्या चेहऱ्यावर खवले चिकटले होते.

त्याच संध्याकाळी आजीनं मुलीला नातेवाइकांकडे हलवलं. "उद्या हिच्याशी लगीन करील कोन?" एवढंच ती मावशीला म्हणाली आणि दार लावलं. तारीख हुकली. पुढची चार महिन्यांनी मिळाली, आणि त्या चार महिन्यांत पोर दोनदा बेशुद्ध पडली. मावशी रोज त्या बंद दारासमोर जाऊन बसायची. शेवटी पाझरली ती आजीच. ऑपरेशन झालं. मुलगी आता जिना पळत चढते. आमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपल्या लढ्याचं यश!" मी तेव्हाही खरं बोलले नाही.

गावात दुसरंच सुरू झालं. मावशी येताना दिसली की आया पोरांना आत बोलवायच्या. काहींनी मुलींच्या नखांना लाल रंग लावला. तान्ह्या पोरींनाही. मावशीनं एकीचा हात धरला, रंग बघितला आणि सोडून दिला. "छान दिसतो," म्हणाली.

मला ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "लिलाव मासळीचा ओरडून होतो गो. पोरीचा नाय."

आता ती पापडीला लेकीकडे असते. गुडघे गेले म्हणते. बंदरावर कोणी हात पुढे करत नाही, हे खरं कारण आम्हा दोघींनाही माहीत आहे. परवा गेले होते. माझा हात उन्हात धरून म्हणाली, "तुझी गुलाबी हायत. मग फिर की माझ्या जागी." म्हटलं, मावशी, मला दारं उघडत नाहीत. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कोनाला सांग. नखं नाय दावली तर बाळ दूध पिताना बघायचं. घाम फुटतो, दम लागतो, पिता पिता थांबतं."

म्हणून तुम्हाला सांगते. विनंती नाही, मागणी आहे. दारं तुम्हाला उघडतात. आज तुमच्या इमारतीतल्या, आळीतल्या मुलाची नखं उन्हात बघा. निळी वाटली, तर त्याच्या आईला बाजूला घ्या, कानात सांगा आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. कुठे निघालात विचारलं तर लग्नाचं कापड बघायला, म्हणा. आणि फोन घरी ठेवून जा.