गोदामातून खंदकात

बाइंडरकाकांचा एक नियम होता: पुस्तक बांधायचं, वाचायचं नाही. वाचायला लागलं की हात थांबतो, असं ते म्हणत. नियम खुळचटच होता, पण जन्मभर चालला. मोडला तो वाचनालयाच्या जुन्या कथासंग्रहापायी.

वाचनालयाच्या बाईंनी तो नमुना म्हणून दिला होता. काम पसंत पडलं तर जुन्या पुस्तकांचं अख्खं कपाट काकांकडे येणार होतं. शनिवारी वाचकमंडळ त्यातल्या दोन गोष्टींची तुलना करणार होतं, एक लोभाची, एक युद्धाची. आधीच्या कुणा दिवट्याने कडा छाटताना पानांचे आकडेही छाटलेले. काकांनी जुन्या शिवणीची भोकं जुळवून फर्मे, म्हणजे घडीच्या पानांची जुडगी, लावले, शिवले, खळ लावली आणि पुठ्ठा चढवला. पुस्तक कसं नवरदेवासारखं दिसत होतं.

मंडळात काकूही जात. शुक्रवारी दुपारी त्या ते वाचायला बसल्या आणि खो खो हसत सुटल्या.

"अहो, हा कातड्याचा व्यापारी गोदामाचं दार उघडतो आणि पुढच्या पानावर खंदकात बसून सूप मागतो!"

"असेल त्याला भूक लागलेली."

"भूक कसली! दोन गोष्टींचं कडबोळं केलंत तुम्ही."

काकांचा चेहरा उतरला. दोन्ही गोष्टींच्या फर्म्यांना भोकं सारखीच होती. आता क्रम लावायचा तर एकच उपाय. त्यांनी शिवण उसवली, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. चहा निवला, पण मान वर झाली नाही.

"बोला की काहीतरी," काकू म्हणाल्या. "उद्या मला मंडळात तोंड उघडायचंय."

"लोभाच्या गोष्टीत सगळं त्या एकट्याचंच. त्याचं पोट, त्याच्या किल्ल्या, त्याची खोकल्याची उबळ. लिहिणारा त्याला हसतो, आपणही हसतो. साठवलेली कातडी सडली, बरं झालं म्हणतो. युद्धात माणसं रग्गड, पण चेहरा कुणालाच नाही. लक्षात राहतो तो एकाचा फाटका बूट. तिथे हसू येत नाही."

"आणि दोष कुणाचा?"

"पहिल्या गोष्टीत बोट दाखवता येतं. दुसरीत कुणाकडे दाखवणार? म्हणून मला वाटतं, चुकून शिवलं ते अगदीच वाईट नव्हतं. ते सडकं कातडं कुठेतरी बूट होऊन गेलंच असेल ना!"

"हे उद्या मी माझं म्हणून सांगणार," काकूंनी बजावलं.

"सांग. पण चूक मात्र बाईंना मी माझी म्हणूनच सांगणार."

शनिवारी पुस्तक नीट शिवून, मंडळ जमायच्या आधीच, काका बाईंसमोर उभे राहिले. काय झालं ते, आपल्या नियमासकट, लपवाछपवी न करता सांगून टाकलं. बाईंनी पानं चाळली, शिवण ताणून पाहिली.

"म्हणजे आता नियम काय?"

"आधी वाचायचं, मग बांधायचं."

"अहो, मग कपाट संपणार कधी?"

"घाई आहे का तुम्हाला?"

बाई हसल्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हापासून घरभर उसवलेल्या पुस्तकांचे ढीग आहेत. टेबलावर जेवायला जागा नाही. काकू रोज ओरडतात, आणि ओरडून झालं की विचारतात, "बरं, पुढे काय झालं त्यात?"