काढेवालीचं दुखणं

म्बाक सुकेसी, म्हणजे आम्हा सगळ्यांची ताई, दिसायच्या आधी ऐकू येते. पाठीवरच्या टोपलीत बाटल्या एकमेकींवर किणकिणतात, मग तिचं हसणं भिंतीवरून आत पडतं आणि मग ती. आमच्या लावेयान वस्तीत भिंती उंच आणि दारं कायम लावलेली. पण त्या हसण्याला दार उघडतंच.

"जामूऽऽ! काढा घ्या, काढा! कोण मेलंय, कोण जिवंत आहे?"

"अर्ध्या मेलोय, म्बाक! या लवकर!"

आम्ही म्हणजे मालकीण बू मुर्दियांच्या बाटिकच्या कारखान्यातल्या बायका. मेणाच्या चुलीभोवती बसायचं आणि कापडावर वितळत्या मेणाच्या रेघा ओढायच्या. पाठ मोडते, डोळे चुरचुरतात. म्हणून म्बाक आली की आधी गुळवेलीचा कडू काढा, त्यावर तोंड गोड करायला तांदळाचं आलं घातलेलं पेय. पण तिचं खरं नाव होतं ते हळद-चिंचेवर. पाळीत पोट दुखलं की लावेयानमधली कुठलीही बाई डोळे मिटून सांगायची, सुकेसीची हळद-चिंच घे.

काढेवालीच्या धंद्याची पाटी म्हणजे तिचं अंग. गाल तुकतुकीत हवेत, पाठ ताठ हवी, अंबाड्यात फूल हवं. जिला स्वतःलाच बरं नाही तिच्या हातचं कोण पिणार?

आणि नेमकं तेच दुखणं तिच्या पोटात होतं.

हे फक्त तिच्या नवऱ्याला, मास पोनोला, आणि मला माहीत होतं, कारण त्यांच्या-आमच्या घरात एकच भिंत, तीही बांबूची. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं होतं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असायचं ते अस्तर बाहेर उगवतं, दर पाळीला तिथंच रक्ताळतं, आतड्याला चिकटतं. तिच्या अंडाशयावर जुन्या रक्ताची तपकिरी गाठ होती. दवाखान्यात अशा गाठीला सगळे चॉकलेटची गाठ म्हणतात.

"जगाला कडू पाजतेस," मास पोनो म्हणाला होता, "आणि चॉकलेट एकटीच दडवून ठेवतेस होय!"

ती इतकी हसली होती की टाके ताणले. ऑपरेशन नुकतंच झालं होतं. पुन्हा तपासायला या, असं सांगितलं होतं. ती गेली नव्हती.

पाळी जवळ आली की म्बाक घाबरायला लागायची. दुखण्याला नाही, ते तर ठरलेलंच. ते कुठं गाठेल, याला. घरात गाठलं तर चटईवर आडवं होता येतं. पण कुणाच्या दारात, ग्लास भरताना गाठलं तर? म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. कळ आली की टोपली बांधलेल्या कापडाची गाठ सैल झाल्यासारखं करून उकिडवं बसायचं आणि गोष्ट सांगायला घ्यायची. सासूची, बकरीची, मशिदीत घोरणाऱ्या काकांची. कळ ओसरली की गोष्ट संपायची. बायका हसून लोळायच्या. मी मात्र चुलीपाशी बसून मनात म्हणायची, या गुस्ती, देवा रे, आज फार लांबली गं हिची गोष्ट.

"काय म्बाक, भरलं का यंदा?" कुणीतरी पोटाकडे बघून विचारायचंच.

"भरलंय की! सगळ्या बाटल्या काठोकाठ!"

त्या वर्षी आमच्या चुलीवर सेरुनी नावाची मुलगी कामाला लागली. हात असा हलका की मोराचं पीस काढलं तर वाऱ्यानं हलेल असं वाटावं. पण महिन्यातले काही दिवस ती चुलीपाशी पांढरीफटक बसायची, आणि मेणाचा थेंब जिथं पडू नये तिथं पडायचा. म्बाककडून ती आधी एक ग्लास घ्यायची, मग दोन, मग घरी न्यायला बाटली.

एकदा म्बाक मागच्या नळावर ग्लास विसळत होती. सेरुनी तिच्या शेजारी येऊन बसली.

"म्बाक, एक विचारू? हसू नका."

"हसणं हा माझा धंदा आहे, न्दुक. विचार पोरी."

"त्या दिवसांत शौचाला बसलं ना, की आत सुरी फिरते. मग ती मांडीत उतरते, गुडघ्यापर्यंत. परवा तर संडासातच पडले. बू मुर्दिया म्हणतात नाटक. मी तुमचा काढा दुप्पट पिते, तरी काही होत नाही. माझ्यातच काही खोट असेल का?"

म्बाकच्या हातातला ग्लास नळाखाली तसाच राहिला. पाणी भरून वाहायला लागलं. ती म्हणाली, "बघू हं," आणि टोपली उचलून निघून गेली. गोष्ट नाही, हसणं नाही.

संध्याकाळी तिनं भिंतीपलीकडून मला हाक मारली. "त्या पोरीला माझंच आहे गं. अगदी माझेच शब्द बोलली."

"मग सांग ना तिला."

"काय सांगू? जामूनं जात नाही, दवाखान्यात जा? तिनं विचारलं, म्बाक, तुम्हाला कसं माहीत, तर? गल्लीभर होईल. हळद-चिंचवालीलाच पोटदुखी! उद्या कुठल्या तोंडानं बाटली काढू? मला दुसरं येतंय काय?"

"आणि नाही सांगितलंस तर?"

मला बांबूतून तिचा श्वास ऐकू येत होता, भ्यालेल्या माणसाचा, तुटक.

त्यानंतर म्बाक आमच्या दारावरून येईना. लांबच्या गल्लीनं वळून जायची. शेवटी बू मुर्दियांनीच निरोप धाडला. त्या दिवशी सेरुनीनं ऐन मोराच्या छातीवर मेणाचा गोळा सांडला होता.

"हे बघा!" बूंनी कापड सगळ्यांसमोर फडकवलं. "पाळी काय हिलाच येते? आमच्या वेळी आम्ही नाही लोळलो!"

"त्या वेळी मेण थंड असेल, बू," माझ्या शेजारची पुटपुटली.

"सुकेसी, हिला तुझ्याकडचं सगळ्यात कडक काय असेल ते दे. पैसे मी भरते. पुन्हा कापड बिघडलं तर हिनं घरी बसायचं."

सेरुनीनं दोन्ही हातांनी ग्लास पुढे केला. ओठ निळसर झाले होते. "भरपूर द्या, म्बाक. तुमच्यासारखं व्हायचंय मला. तुम्हाला कधी काही होत नाही."

म्बाकनं बाटली काढली. बूच उघडलं. आणि मी पाहिलं, तिचा दुसरा हात टोपलीच्या गाठीकडे गेला. तिलाही कळ आली होती. ती उकिडवी बसली. "आमच्या शेजारची बकरी एकदा..." असं तिनं सुरू केलं. बायका आधीच हसायला लागल्या. "बकरी..." ती पुन्हा म्हणाली, आणि थांबली. सेरुनीही हसत होती, पोट दाबून, तिच्याकडे बघत.

म्बाकनं बाटलीला परत बूच लावलं.

"हिला हे देणार नाही मी. याचा उपयोग नाही. हिला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं."

"तुला कुणी डॉक्टर केलं?" बू म्हणाल्या.

"माझ्या पोटानं. मलाही तेच आहे, बू. आत्ताही दुखतंय. ऑपरेशनसुद्धा झालंय माझं."

चुलीवरचं मेण धुरकटायला लागलं. कुणी आच कमी केली नाही.

"म्हणजे इतकी वर्षं तू आम्हाला पाजलंस ते काय?" बूंनी विचारलं.

"हळद आणि चिंच. साध्या दुखण्याला चांगली. तुमचं साधं होतं. हिचं नाही." मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, दारात बोट चिमटल्यासारखा. म्बाकच्या गळ्यातून असा काही आवाज निघू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. कोपऱ्यातल्या एकीनं हातातला अर्धा ग्लास हळूच मोरीत ओतला. म्बाकनं ते पाहिलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघी दवाखान्यात. सेरुनी माझा हात सोडेना. रात्री तिच्या आईनं सांगितलं होतं, लग्न झालं की जातं हे, पोर झालं की तर नावही उरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय होतं?"

"थोडं दुखतं," सेरुनी म्हणाली. गोड हसून, खाली मान घालून, घरात शिकवतात तसं.

"हसू नकोस," मागून म्बाक कडाडली. मी दचकले. "हसलीस की त्या थोडंच लिहितील. सुरीचं सांग. मांडीचं सांग. संडासात पडलीस ते सांग."

सेरुनीनं सांगितलं. रडत, अडखळत, सगळं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. मग म्हणाल्या, सोनोग्राफी करू, गोळ्या सुरू करू, आताच आलीस हे बरं केलंस.

बाहेर बाकावर सेरुनीनं विचारलं, "पूर्ण बरं होतं ना?"

एरवी दिवसभर "होईल गं बरं" म्हणत हिंडणारी म्बाक सेरुनीच्या चपलांकडे बघत म्हणाली, "नाही. आवाक्यात येतं. माझं आलं होतं. मग मी भ्याले, आणि पुन्हा तपासायलाच आले नाही."

"कशाला भ्यालात?"

"गाठ परत वाढलीय म्हणाल्या तर?"

"म्हणजे मला आत ढकलायचं आणि आपण बाहेर बसायचं? वा, म्बाक!"

मला हसू आलं. म्बाकला नाही आलं. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. इतक्यात तिचा फोन वाजला. बू मुर्दियांचा आवाज बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होता.

"काय म्हणाले पोरीचं? ...बरं, बरं. तिला म्हणावं, मोर मी दुसरीला दिलाय, पण जागा ठेवलीय. आणि हे बघ, अर्ध्या बायका म्हणतात तुझं पिणार नाही. पण माझ्या गुडघ्यांना तुझ्या कडूशिवाय चालत नाही. दुपारी ये."

म्बाकनं नेहमीसारखं हसायला तोंड उघडलं. मग तिनं डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे पाहिलं.

"आज नाही जमणार, बू," ती म्हणाली. गिऱ्हाइकाला ती पहिल्यांदाच हे असं सांगत होती. "मला दुखतंय. मीही दाखवून घेतेय."

फोन बंद करून ती उठली आणि नाव नोंदवायच्या खिडकीपुढे जाऊन रांगेत उभी राहिली. सेरुनी तिच्या मागे, तिचा पदर धरून.