पोटातली उचकी

विमलबाई पोटावर हात ठेवायच्या, तेव्हा आधी घरातला पंखा बंद करायला लावायच्या. मग डोळे मिटायच्या. चहावर साय धरली तरी हात उचलायच्या नाहीत. महाल भागातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात त्या नर्स होत्या आणि आमच्याच गल्लीत एकट्या राहायच्या. 'सगळं ठीक आहे' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. फार तर म्हणायच्या, "आज हाये. उद्या पुन्हा पाहू."

मी त्यांना पहिल्यांदा बोलावलं ते घाबरून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा एक उन्हाळा. मला सातवा महिना होता. दुपारी डाळ निवडत बसले असताना पोटात उजवीकडे, खाली, ठोका पडू लागला. लाथ कधीही, कुठेही बसते. हा एकाच जागी, सारख्या अंतराने. आतून कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा. मी श्वास रोखून पाहिला, पाणी प्याले. ठोका चालूच.

विमलबाईंनी हात ठेवला. "उचकी हाये वं. तुही नाही, लेकराची."

"आत हवा नाही, मग उचकी कशी?"

"पाणी हाये ना. छाती अन् पोटाच्या मधात एक पडदा असते. तो एकदम आखडला का पाणी आत ओढल्या जाते, अन् अंगाले झटका बसते. आपण हवा ओढतो, मंग गळ्यातलं झाकण पटकन बंद होते, म्हणून आवाज येते. ह्याले आवाज नाही. श्वास घ्याले शिकून राहिलं ते."

मला समजलं, पण भीती गेली नाही. रोज दुपारी ठोका सुरू झाला की घर गप्प व्हायचं. एकदा यांनी पोटाला कान लावला आणि झटकन डोकं मागे घेतलं. "खरंच कुणीतरी आहे गं आत," म्हणाले, आणि अंगणात निघून गेले. सासूबाई सहज म्हणाल्या, "कोणी आठवण काढून राहिलं असन त्याची." जे अजून जन्मलंच नाही, त्याची आठवण कोण काढत असेल?

नवव्या महिन्यात एका दुपारी उचकी लागली ती थांबेचना. ठोके जोरजोरात, घाईघाईने पडत होते. मग एकाएकी थांबले. त्यानंतर ना लाथ, ना वळवळ. पोट नुसतं जड, जसं काही माझंच नाही.

विमलबाई ड्यूटीवर जाता जाता डोकावल्या. पंखा बंद झाला. हात खूप वेळ राहिला. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "रिक्षा बोलवा."

"काहून?" सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच तर उचकी लागली होती. निजलं असन."

"मी बी हेच म्हणलं होतं," विमलबाई म्हणाल्या, "माह्या पोटातल्यासाठी. नर्स असून."

सासूबाई तशाच अनवाणी रिक्षा पाहायला गल्लीत गेल्या.

सायकलरिक्षात त्यांचा हात पोटावरून हलला नाही. रस्ताभर त्या माझ्याशी नाही, आतल्याशी बोलत होत्या. "एक उचकी दे बाप्पा. एकच दे."

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकले आणि लगेच पोट उघडलं. मुलगी झाली. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. माझे यजमान नंतर सांगायचे, विमलबाई बाहेर बाकावर बसून होत्या. उजवा हात मांडीवर उताणा, कशालाही न लावता. रडणं ऐकू आलं तेव्हा त्या उठल्या, नळावर हात धुतला आणि मुलीचं तोंडही न पाहता ड्यूटीवर गेल्या.

पुढे त्या भाच्याकडे कळमेश्वरला राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्याआधी एकदा मी भेटायला गेले होते. इतकी वर्षं मनात ठेवलेलं शेवटी विचारलं, "त्या दिवशी हाताला काय लागलं होतं, विमलबाई?"

"काहीच नाही."

"मग कळलं कसं?"

त्यांनी उजवा तळहात माझ्यापुढे उताणा धरला.

"काहीच नाही म्हणजे काय असते, ते ह्या हाताले माहीत होतं."