माळावरचं घरचं विमान

पिठाच्या गिरणीत नुसतं उभं राहिलं तरी अंगावर पीठ बसतं. मला हे किस्से तसेच चिकटलेत. मी चौथी नापास. धावपट्टीवरून शेरडं हाकलायची, एवढंच माझं काम. पण अजून माणसं चहा पाजून विमानाचं सांग म्हणतात. तुम्ही पाजला नाही, तरी सांगतो.

विमान दादासाहेबांचं. माणूस कर्जतकडचा, पुण्यात कारखाना काढला, पैसा झाला. लोक जीप घेतात, ह्यांनी चार माणसांचं जुनं विमान घेतलं. चालवायला मिलिटरीतून रिटायर झालेला कॅप्टन ठेवला. घेतलं ते आईसाठी, म्हणजे आक्कांसाठी. आक्कांचे गुडघे गेलेले, एसटीत चढता येईना. पण आक्का बसायलाच तयार नाहीत! दादासाहेबांचा जीव तेवढ्यावर टांगलेला. गाव म्हणायचं, सख्खी आई बसत नाही म्हणजे विमानात खोट असणार.

*

कॅप्टनला वाटलं, म्हातारीला शास्त्र समजावलं की झालं. तासभर पंख, वारा, इंजिन सांगत बसला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आन् विचारलं, "मधी लघवीला थांबतंय का?"

कॅप्टन खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "नाही."

"मग एसटी बरी."

*

आक्का बसेनात, म्हणून विमान रिकामं उडायचं काय? वहिनीसाहेबांनी, म्हणजे दादासाहेबांच्या बायकोनं, त्याला कामाला लावलं. बहात्तरच्या दुष्काळात एकदा लाईट गेली ती येईचना, गिरणी बंद. वहिनीसाहेबांनी ज्वारीचं पोतं विमानात टाकलं आन् दळण पुण्याला धाडलं. सांजच्याला पीठ परत. कॅप्टन भुवयांपर्यंत पांढरा. पोत्याचं तोंड कुणी बांधलंच नव्हतं.

आक्कांनी त्या पिठाची भाकरी खाल्ली. म्हणाल्या, "पीठ बारीक हाय. बसायचं मातर न्हाई."

*

दिवाळीला पुण्याहून शिंपी आणला, घरातल्या बायांच्या चोळ्यांची मापं घ्यायला. वाटेत विमानानं दोन गचके खाल्ले. शिंपी उतरला तो माझ्या गळ्यात पडला. मी काय त्याची बायको? दिवसभर मापाची टेप त्याला सरळ धरता येईना, चोळ्या सगळ्या काखेत आवळ झाल्या. त्या दिवाळीला घरातल्या एकीलाही हात वर करता आला नाही. ओवाळणं सगळं कमरेपाशी झालं.

शिंपी परत एसटीनं गेला. आक्कांनी त्याला वाटखर्चीला लाडू बांधून दिले. शहाणा माणूस म्हणाल्या.

*

मग आक्कांच्या नातीचं लग्न निघालं. मांडव धावपट्टीच्या कडेलाच. वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली, गावातल्या सगळ्या जीपा आन् बैलगाड्या वऱ्हाड आणायला गेल्या. नवरदेव मागनं निघणार होता, अजून पुण्यातच; मुहूर्त चुकायला नको म्हणून दादासाहेबांनी त्याला विमानानं आणवलं.

विमान टेकलं. गर्दी धावली. दार उघडून नवरदेवानं एक पाय खाली सोडला, तेवढ्यात आक्का मांडवातनं ओरडल्या, "पाय वर घ्या, जावईबापू."

नवरदेवानं पाय वर घेतला.

आक्कांचं म्हणणं सरळ होतं. नवरदेवाचं पूजन गावच्या शिवेवर करायचं, त्याआधी त्याचा पाय आपल्या मातीला लागायचा नाही. हा तर शीव वरनंच ओलांडून आला. भटजी म्हणाले, इथंच पाणी सोडून भागवू. आक्कांनी नुसतं बघितलं. भटजी सुपाऱ्या मोजायला लागले.

शीव धावपट्टीच्या पार टोकाला, ओढ्यापाशी. विमान तिकडं न्यायचं कसं? एवढ्या गर्दीत पंखा फिरवणार नाही, माणसं कापली जातील, म्हणून कॅप्टन अडून बसला. शेवटी मी नांगराची बैलजोडी आणली, जाड दोराचा नाडा बांधला, विमान जुंपलं.

"पूजन माझ्या डोळ्यांदेखत झालं पायजे," आक्का म्हणाल्या. पण त्यांना न्यायचं कशात? गावात चाक असलेलं एकच वाहन उरलेलं. कॅप्टनशेजारची जागा रिकामी होती.  दादासाहेब आईकडं बघायचं सोडून आभाळाकडं बघत होते.

आक्कांनीच माझ्याकडं हात केला. "धर रं."

बसल्या. मी बैल हाकले, विमान हललं. मागं नवरदेव, मुंडावळ्या सावरत. म्होरं कॅप्टन दांडा घट्ट धरून बसलेला. आक्कांनी त्याला विचारलं, "तुमी काय हाकताय? बैल तर म्होरं हायती."

दादासाहेब पंखाला हात लावून शेजारनं चालत होते, फेटा सुटलेला. शीव आली तसं त्यांना राहवलं नाही. "आई, कसं वाटतंय गं?"

आक्का पदर सावरून म्हणाल्या, "बेस हाय की. उगाच वर नेता तुमी ह्याला."