गुंडप्पांचा डावा तळहात

नोकरीच्या सगळ्या वर्षांत गुंडप्पांच्या एस.टी.चा ब्रेक एकदाही निकामी झाला नाही. निवृत्त झाल्यावर मात्र तो रोज निकामी होऊ लागला. स्वप्नात.

स्वप्न ठरलेलं. तुळजापूरचा घाट, उतार, गाडी यात्रेकरूंनी भरलेली. पहिलं वळण नीट जातं. दुसऱ्याच्या आधी उजवा पाय ब्रेकवर पडतो आणि पिठात बोट जावं तसा ब्रेक खाली जातो. गुंडप्पा पुन्हा दाबतात, सगळं अंग पायात आणून दाबतात. कठड्याच्या पलीकडे काहीच नसतं. दरी नाही, झाड नाही, आभाळही नाही. तिथं जाग येते.

स्वप्न खोटं असलं तरी पाय खरा होता. तो शेजारी झोपलेल्या प्रेमाबाईंना लागायचा. त्यांनी बरेच दिवस हसण्यावारी नेलं. मग त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि घरी आल्यावर थोड्याच दिवसांत लाथ बसली, बरोबर टाक्यांवर. प्रेमाबाई उठल्या. उशी काखेत मारून, भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत गेल्या आणि तिथंच झोपू लागल्या. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. गुंडप्पा मुक्कामाच्या गाडीवर असतील तेवढ्याच रात्री वेगळ्या, त्याही नाइलाजाच्या.

डॉक्टरांनी गोळी दिली. लाथा कमी झाल्या, स्वप्न राहिलं. ‘बाईंना इतक्यात शेजारी झोपवू नका,’ असं डॉक्टर म्हणाले. इतक्यात म्हणजे कुठवर, हे विचारायचं गुंडप्पांकडून राहून गेलं, आणि मग विचारायची भीती वाटू लागली.

उमरग्यात त्यांचं घर हायवेच्या मागच्या गल्लीत आहे. ट्रक चौकात थांबतात, ब्रेकची हवा सोडतात. फुस्स. अंथरुणावर पडलं की तेच ऐकू येतं. जगातल्या सगळ्यांचे ब्रेक लागत होते.

मुलगी शिवप्रिया गावातल्याच एका दवाखान्यात फिजिओथेरपी करते. आईचा गुडघा वाकवायला ती रोज माहेरी यायची. एक दिवस आईचा पाय हातात धरूनच ती बापाला म्हणाली, “अप्पा, स्वप्न थांबत नसंल तर स्वप्नात जागं व्हा.”

“झोपंत जागं कसं व्हायचं गं?”

“शिकता येतं. दिवसा सवय लावायची. मधनंमधनं हाताकडं बघायचं आन खरंच विचारायचं, मी आत्ता जागा हाय का स्वप्नात? स्वप्नात हात नीट दिसत न्हाय, बोटं कमीजास्त होतात. पाटी दोनदा वाचायची. स्वप्नात दुसऱ्यांदा वाचली की अक्षरं बदलतात. नाक दाबून बघायचं. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास येतो.”

“आन मग?”

“मग ती सवय एक दिवस स्वप्नात बी जाती, आन तिथंच कळतं की हे स्वप्न हाय. सकाळी उठल्या उठल्या हलायचं न्हाय. स्वप्न आठवायचं आन कुणाला तरी सांगायचं, म्हंजी ते ध्यानात राहतं.”

सांगायला माणूस एकच होतं, भिंतीच्या पलीकडे. रोज सकाळी गुंडप्पा छताकडे बघत मोठ्यानं स्वप्न सांगायचे आणि पलीकडून प्रेमाबाई विचारायच्या, “आज किती मेले?”

“कुणी मेलं न्हाय. पडायच्या आधी जाग येती.”

“मग उठा की आता. चहा मीच करू व्हय, लंगडत?”

हाताकडे बघणं गुंडप्पांना नवीन नव्हतं. रोज पहाटे अंघोळ झाली की ते गळ्यातलं इष्टलिंग डबीतून काढतात, डाव्या तळहातावर ठेवतात आणि पापणी न हलवता बघत बसतात. पण आजवर त्यांनी बघितलं होतं ते लिंग. त्याखालचा हात कधी बघितलाच नव्हता. आता बघितला. अंगठ्याच्या मुळाशी एक घट्टा होता, पिवळट, चिंचोक्याएवढा. गिअरच्या दांड्यानं केलेला. ज्या हातावर देव बसवला त्याच हातानं त्यांनी उभा जन्म गिअर टाकले होते, आणि ही गोष्ट त्यांना आत्ता कळत होती.

मग ते सगळीकडे बघू लागले. बाजारात, मठात, भाजीच्या गाड्यावर. दुकानांच्या पाट्या दोनदा वाचायचे, पुढं जायचे, परत मागं येऊन वाचायचे. शांतलिंगच्या हॉटेलात बसले असताना त्यांनी नाक दाबलं, तर शांतलिंग गल्ल्यावरून ओरडला, “काय मालक, चहाला वास यायलाय का?”

“न्हाय रे बाबा.”

“मग पाट्या काय वाचायलाव सकाळपासनं? रिटायर झाल्यावर शाळंत नाव घातलं का?”

लोक हसले. गुंडप्पाही हसले, पण आतून काहीतरी सैल होत चाललं होतं. नुसता विचारायचा म्हणून विचारलेला प्रश्न हळूहळू खरा होऊ लागला होता. मी जागा आहे का? हात म्हणायचा, आहेस. पाटी म्हणायची, आहेस. तरी थोड्या वेळानं पुन्हा विचारावंसं वाटायचं. झोपेत ब्रेक लागत नव्हता, आता जागेपणीही मन कुठं थांबेना.

गुडघ्याच्या तपासणीचा दिवस आला. प्रेमाबाईंना स्कूटीवर मागं बसवून ते निघाले. हायवेला लागल्यावर हैदराबादची पाटी दिसली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. आणि डावा हात हँडलवरून उचलून डोळ्यांसमोर धरला.

स्कूटी डावीकडून उजवीकडे गेली. मागच्या ट्रकचा हॉर्न अंगातून आरपार गेला. पाठीत प्रेमाबाईंची मूठ बसली. कशीबशी गाडी कडेला लागली. ट्रकवाला कन्नडमधून शिव्या देत निघून गेला. त्या शिव्या दोघांनाही समजल्या.

“हात कुठं चालला होता तुमचा?”

“बघत होतो.”

“काय बघत होतात?”

“जागा हाय का ते.”

प्रेमाबाई उतरल्या. काठी जमिनीला टेकवून उभ्या राहिल्या. “मी मागं बसलीया. साकु आता, बास झालं. झोपंत मारायलाव तेवढं पुरं न्हाय व्हय?”

एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशानं गुंडप्पांना असं ऐकवलं नव्हतं. त्यांनी स्कूटीची चावी शिवप्रियाला देऊन टाकली आणि विचारलं, “दुसरं काय हाय का? बसल्या जागी करायचं?”

होतं. पहाटे उठायचं, थोडा वेळ जागं राहायचं, ‘घाट दिसला की मला कळंल, हे स्वप्न हाय’ असं घोकायचं आणि परत झोपायचं. पण पहाटे उठले की गुंडप्पांची अंघोळ आणि पूजा. दुसऱ्याच दिवशी ते पूजा आटोपून पांघरूण ओढायला लागले, तशा प्रेमाबाई दारात आल्या. “लिंगपूजा करून परत अंथरुणात? शिवशिवा! असं आपल्यात कुणी केलंय?” मग म्हणाल्या, “झोपायचंच तर दुपारी झोपा. माझ्यासमोर. मी बघती तुमचा पाय.”

शिवप्रिया म्हणाली, दुपारीही चालतं. “फकस्त एक ध्यानात ठेवा अप्पा. हे स्वप्न हाय असं कळलं की आनंदानं जाग येती. म्हणून तिथंच दोन्ही तळहात एकमेकांवर चोळायचे, म्हंजी स्वप्न तुटत न्हाय.”

“दोन्ही? मग स्टिअरिंग?”

“सोडायचं.”

“घाटात?”

शिवप्रियानं आईचा गुडघा पुन्हा वाकवायला घेतला.

तेव्हापासून दुपारी गुंडप्पा पलंगावर आडवे व्हायचे आणि प्रेमाबाई खुर्चीवर, गुडघा स्टुलावर ठेवून, सुपात शेंगा फोडत बसायच्या. नजर त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर. काही दुपारी झोपच आली नाही. काही दुपारी घाट आला, पाय उडाला, आणि प्रेमाबाईंनी खुर्ची मागं सरकवली.

मग एका दुपारी घाट आला आणि पहिल्या वळणावर गुंडप्पांचा डावा हात आपोआप वर आला. तळवा गुळगुळीत होता. घट्टा नव्हता. हा कधीच गिअर न टाकलेल्या माणसाचा हात होता.

हे स्वप्न आहे, असं त्यांना कळलं. गाडी उतारावर होती, पाठीमागं माणसं होती, आणि आयुष्यभर शिकलेलं सगळं सांगत होतं, धरून ठेव. त्यांनी उजवा हातही स्टिअरिंगवरून काढला. तळहात एकमेकांवर चोळले. ऊब आली. हात मोकळे झाले, पण पाय अजून ब्रेक दाबतच होता. पायाला सगळ्यात उशिरा कळलं. त्यांनी तो उचलला आणि बाजूला ठेवला.

कठडा आला. गाडी त्याच्या पलीकडच्या काहीच नसलेल्यात गेली. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी शेंगा फोडत होतं, तेवढा आवाज.

डोळे उघडले तेव्हा प्रेमाबाई वाकून बघत होत्या. “पाय हलला न्हाय,” त्या म्हणाल्या. “हात चोळत होतात. थंडीत चोळावं तसं. या उन्हाळ्यात!”

“स्टिअरिंग सोडलं.”

“घाटात?”

“व्हय.”

प्रेमाबाईंनी सूप खाली ठेवलं. पदरानं हात पुसले. “सरका तिकडं,” म्हणाल्या, आणि शस्त्रक्रियेचा पाय पलंगाच्या बाहेरच्या बाजूला, चांगला पाय नवऱ्याकडे, अशा आडव्या झाल्या. थोड्याच वेळात त्या घोरू लागल्या.

गुंडप्पांना झोप येईना. एक दुपार साधली म्हणजे सगळ्या साधतील असं नाही. चौकात एका ट्रकनं हवा सोडली. त्यांनी पाय आखडून घेतले, भिंतीला चिकटवले. डावा हात डोळ्यांसमोर धरला. घट्टा होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा महिना दोनदा वाचला. बदलला नाही. मग शेजारी एकदा बघून त्यांनी नाक दाबलं. श्वास आला नाही, म्हणजे ते जागे होते आणि शेजारी प्रेमाबाई खऱ्या होत्या. छाती भरून आली, कान गरम झाले, तरी बराच वेळ त्यांनी नाक सोडलं नाही.