लेबलबाईंचं चुकीचं लेबल

लेबलबाईंच्या स्वयंपाकघरात दोन सारखे डबे होते. एकावर 'चहा' असं लेबल होतं आणि दुसऱ्यावर 'चहा नाही'. दुसऱ्यात सुतळी, रबरबँड, कुठल्या कुलपाच्या ते विसरलेल्या किल्ल्या असं काहीबाही असायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो. बाई हसल्या नाहीत. "सारखे दिसणारे दोन डबे शेजारी असले की दोघांनाही लेबल लागतं," त्या म्हणाल्या. "एकालाच लावलं तर दुसऱ्याबद्दल लोक अंदाज करतात. अंदाजानं माणसं मरतात."

हे त्या चहाबद्दल बोलत नव्हत्या. वेल्समधल्या कार्डिफच्या एका हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर पॅथॉलॉजी केली होती. माणसांच्या शरीरातले नखाएवढे तुकडे बाटल्यांतून त्यांच्यापुढे येत, आणि बाटलीवरचं नाव बरोबर आहे की नाही यावर त्या माणसाचं पुढचं सगळं ठरे. निवृत्तीनंतर तुकडे यायचे थांबले, लेबलं थांबली नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या ताटांपुढे त्यांच्या तीन चिठ्ठ्या असत : 'उकडीचे', 'तळलेले' आणि 'आजचे नाहीत'. तिसरं ताट कुणी आणलं ते सगळ्यांना कळे. लेबलबाई हे नाव मंडळातल्याच कुणीतरी ठेवलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "निदान बरोबर आहे."

मला ऱ्होडोडेंड्रॉनच्या नादी त्यांनीच लावलं. आम्ही घर घेतलं तेव्हा पुढच्या अंगणात त्याचं एक मोठं झुडूप होतं. एप्रिलमध्ये ते जांभळ्या गुच्छांनी भरून गेलं, म्हणून मी बाईंना दाखवायला बोलावलं. त्यांनी फुलांकडे पाहिलंच नाही. वाकून बुंध्याशी काहीतरी शोधत राहिल्या.

"लेबल कुठाय?"

"नाही. पहिल्यापासूनच नव्हतं."

"म्हणजे आधीच्या मालकानं हरवलं. तू निदान लाज वाटून घे. मंगळवारी सातला तयार राहा."

मंगळवारी त्यांनी मला गाडीत घालून एका चॅपलच्या हॉलमध्ये नेलं. ऱ्होडोडेंड्रॉन क्लबमध्ये चौदा माणसं होती. आम्ही दोघं सोडून सगळे वेल्श, आणि मी सोडून सगळे निवृत्त. अध्यक्ष ग्वेन नावाच्या एक माजी शाळामास्तरीण होत्या, आणि त्या अजून हजेरी घेत. वसंतात क्लबला उसंत नसे. मार्चमध्ये रात्रीच्या गोठत्या दवानं कळ्या काळ्या पडू नयेत म्हणून जो तो आपले जुने पडदे झाडांवर टाकी. त्यामुळे कुणाच्या घरी पूर्वी कसले पडदे होते हे सगळ्यांना पाठ होतं. एप्रिलमध्ये एकमेकांच्या बागा पाहायला जायचं, चहाचा मग स्वतःचा न्यायचा. मेमध्ये शो, म्हणजे फुलांची स्पर्धा. आणि जूनमध्ये डेडहेडिंग.

डेडहेडिंग म्हणजे वाळलेले गुच्छ मोडणं. ते ठेवले तर झाड बी धरत बसतं आणि पुढच्या वर्षी फुलायचा आळस करतं. गुच्छाचा देठ अंगठा आणि बोटात धरून बाजूला मोडायचा. खालीच पुढच्या वर्षीचे कोंब असतात, त्यांना धक्का लागू द्यायचा नाही. हात चिकट होतात. एकट्याला मोठं झुडूप आवरत नाही, म्हणून सगळा क्लब पाळीपाळीनं प्रत्येकाच्या बागेत जाई. बाईंचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्यांच्या बागेतलं काम माझ्याकडे आलं. "आयटीवाला असून तुझा हात बरा आहे," असं त्यांनी मला एकदा म्हटलं होतं. त्यांच्याकडून हे पदक समजायचं.

त्यांच्या हॉस्पिटलात लॅबच्या मागच्या दाराशी एक जुनं ऱ्होडो होतं. फिकट पिवळं, सायीच्या रंगाचं. त्याच्याखाली बाक. बाईंचे यजमान अरविंदराव त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. वसंतात ते झाड फुललं की दोघं दुपारी डबा घेऊन तिथं बसत. असे तीसेक वसंत. अरविंदराव गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथं कार पार्क होणार असल्याचं बाईंना कळलं. त्यांनी फांद्या आणून दोनदा कलमं लावली, दोन्हीदा ती धरली नाहीत. जात कोणती म्हणून शोधायला गेल्या, तर त्या झाडाला कधी कुणी लेबलच लावलं नव्हतं. "तीस वर्षं त्याच्याखाली बसून पोळीभाजी खाल्ली," त्या म्हणाल्या, "आणि नाव विचारलं नाही." त्यांना ओशाळलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

झाड तोडलं त्याच्या आदल्या दिवशी त्या जाऊन त्याचा पराग घेऊन आल्या. तो एका काचेच्या नळीत घालून फ्रिजमध्ये, श्रीखंडाशेजारी, ठेवला. नळीवर लेबल होतं, श्रीखंडावरही होतं. मेमध्ये त्यांच्या बागेतलं लाल ऱ्होडो फुललं तेव्हा त्यांनी एका गुच्छाच्या पाकळ्या आणि पुंकेसर चिमट्यानं काढून टाकले आणि नळीतला सगळा पराग तिथं लावला. देठाला लाल लोकर आणि ॲल्युमिनियमचा बारका टॅग बांधला. "आधी आई लिहायची, मग फुली, मग बाप," त्यांनी मला समजावलं. बापाच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'दवाखान्यामागचं झाड'. मी विचारलं, याला फूल कधी येणार? "नशीब असेल तर सहा-सात वर्षांनी." त्या तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या. "असं बघू नकोस माझ्याकडे. लेबल मला वय विचारत नाही."

आता मी जे केलं ते.

जूनमध्ये त्यांच्या बागेत डेडहेडिंग करताना मला मॅनेजरचा फोन आला. फोन खांद्यात धरून मी "हो, सोमवारपर्यंत देतो" असं म्हणत होतो आणि हात चालू होते. देठ मोडला, टाकायला गेलो, तर बोटांत लाल लोकर होती. टॅग हातात, गुच्छ हातात. बाई आत चहा करत होत्या, बाकीची मंडळी बागेच्या दुसऱ्या टोकाला होती. मी टॅग काढला आणि शेजारच्या गुच्छाला बांधला. बांधायला सोपं नव्हतं, बोटं चिकट होती. मग मोडलेला गुच्छ बादलीत टाकून मी मॅनेजरला सांगितलं की सोमवारी नाही जमणार, मंगळवारी देतो.

सांगून काय होणार होतं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पराग संपला होता, झाड तुटलं होतं. सांगितलं असतं तर बाईंना दुःख झालं असतं, एवढंच. हा युक्तिवाद चांगला होता. तो मी सात वर्षं वापरला. बायकोलाही बोललो नाही. नोव्हेंबरमध्ये बाईंनी त्या टॅगखालचं बी काढलं. ते कुठल्या मधमाशीच्या कृपेचं होतं देव जाणे. ते पेरलं, उगवलं. सगळ्यात चांगलं रोप त्यांनी आपल्या खिडकीसमोर लावलं आणि बाकीची नऊ क्लबमध्ये वाटली. प्रत्येकाबरोबर त्यांच्या हातचं लेबल. एक मलाही दिलं. "तुझा त्यात हात आहे," त्या म्हणाल्या. मी थँक्यू म्हणालो.

सातव्या वर्षी जानेवारीत बाई जिन्यावरून पडल्या. मनगटावर निभावलं. त्यांची मुलगी नीता लंडनमध्ये स्टॅनमोरला राहते. तिनं खालची खोली आईसाठी तयार करून दोन वर्षं झाली होती. तिचा मला फोन आला. "दादा, आई ऐकतच नाही. ती म्हणते या वर्षी कळी आली आहे, फूल बघून मग येईन. मी म्हटलं झाड घेऊन ये, तर म्हणते हलवलं तर कळी पडेल आणि लंडनच्या पाण्यात चुना आहे, तो या झाडाला सोसत नाही. एका फुलासाठी ती परत पडेल ना. तुम्ही बोला तिच्याशी. तुमचं ती ऐकते."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. बाई खिडकीशी बसल्या होत्या, मनगटावर प्लास्टर. प्लास्टरवर तारीख लिहिलेली होती. बाहेर रोपाच्या शेंड्याला एक जाड, हिरवट कळी होती.

"नीतानं पाठवलं तुला," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग बोल आणि मोकळा हो."

मी म्हणालो, "बाई, ते रोप दवाखान्यामागच्या झाडाचं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

"कुठल्या फांदीचा गुच्छ?"

"फाटकाकडची. खालून दुसरी."

"टॅग दुसऱ्याला बांधलास तो लगेच, की विचार करून?"

"लगेच."

"मोडलेला कुठं टाकलास?"

"बादलीत. मग कंपोस्टमध्ये गेला असेल."

त्यांनी बाहेर वाफ्यांकडे पाहिलं. कंपोस्ट दर वर्षी तिथंच पसरत.

"माझ्या लॅबमध्ये असं कुणी केलं असतं तर मी त्याला काढून टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "मोडल्याबद्दल नाही. मोडतं सगळ्यांच्या हातून. बांधल्याबद्दल. इथं तुला काढून टाकायला काही पदही नाही."

मी लेबलं बदलतो म्हणालो. बाकीच्या आठ घरी जाऊन सांगतो म्हणालो. "फुलल्याशिवाय रिपोर्ट बदलायचा नाही," त्या म्हणाल्या. "नीताला फोन लाव. येते म्हणावं."

त्यांना स्टॅनमोरला मीच सोडलं. मी विचारलं नव्हतं; त्यांनीच शनिवारी नऊला गाडी आण म्हणून सांगितलं. एम-फोर हायवेवर साडेतीन तासांत त्या चार वाक्यं बोलल्या, त्यातली तीन रस्त्याबद्दल होती. चौथं, "किल्ली तुझ्याकडे ठेव, कळीवर पडदा टाकावा लागेल," असं होतं. मार्चभर मी रोज संध्याकाळी त्यांच्या बागेत जाऊन पडदा टाकत होतो आणि सकाळी काढत होतो. तपकिरी, पिवळ्या सूर्यफुलांचा पडदा होता.

बाई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेल्या. झोपेत, नीताकडे. पण मला सांगायचंय ते मेमधलं. शोच्या आदल्या दिवशी कळी पूर्ण उमलली आणि मी रोपासमोर उभा राहून त्यांना फोन केला.

"रंग?"

"लाल."

"आत बघ. घशात. पिवळं आहे?"

मी एक फूल बोटानं वर केलं. हो म्हणणं सोपं होतं. क्लबमधल्या निम्म्या लोकांना तिथं पिवळं दिसलंही असतं.

"नाही," मी म्हणालो. "काळपट ठिपके आहेत. आईला आहेत तसेच."

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला.

"मला वाटलं होतं, आठवण्यात तू चुकला असशील," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी नेहमीच्या आवाजात सूचना दिल्या. सगळ्या लेबलांवर बापाच्या नावावर एक रेघ मारायची. एकच, जुनं वाचता आलं पाहिजे. वर 'अज्ञात', खाली माझी सही. "आणि गुच्छ चांगला असेल तर शोला ने. संकराच्या वर्गात नको. आपल्याकडे नाव न सांगता येणाऱ्यांचा एक वर्ग आहे ना?"

तो वर्ग आहे. लेबल हरवलेल्यांसाठी असतो आणि लाजेनं त्यात कुणी भाग घेत नाही. सकाळी हॉलमध्ये मी हिरव्या बाटलीत गुच्छ लावून त्या टेबलावर ठेवला. ग्वेन आल्या. या रोपाची त्या सात वर्षं वाट पाहत होत्या. "हे चुकीच्या टेबलावर आहे," त्या म्हणाल्या. मी त्यांना तिथंच, बाटली हातात धरून, सगळं सांगितलं. मागे दोघंतिघं होती, त्यांनीही ऐकलं.

"डॉक्टरना माहीत आहे?" ग्वेननी विचारलं.

"हो."

"लंडनला सोडायला गेलात तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

ग्वेननी चष्मा पुसला. "बाटलीत पाणी कमी आहे," म्हणाल्या, आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. मी घरी पोचायच्या आधीच, पार्किंगमध्ये.

"काय झालं?"

"दुसरं बक्षीस."

"वर्गात किती होते?"

"दोन."

"म्हणजे हरलो आपण," बाई म्हणाल्या.